छेद अ–अ

पहिल्याच आठवड्यात फेरहुल्स्ट बाई म्हणाल्या,
छेदात जमिनीची रेघ सगळ्यात जाड.
झाडं बारीक, माणसं त्याहून बारीक,
आभाळ काढूच नका, ते आपोआप येतं.

दुसऱ्या सत्रात वाट्याला आलं हाखेनवार्ड :
वाल नदीच्या बांधामागचे अठ्ठ्याऐंशी हेक्टर,
जे नदीला परत द्यायचं ठरलंय.
'परत' हा शब्द अहवालातला,
जणू शेजारणीकडून वाटीभर साखर आणली होती.

मार्चमध्ये गिरमिट घेऊन गेले.
अंगाचा सगळा भार टाकून फिरवायचं ते, हातानं,
मग उपसायचं. पन्हाळीत निजून वर येते
आधी करडी चिकणमाती, मग गंजाचे ठिपके,
मग एक निळसर थर, ज्यानं कधी हवा पाहिली नाही.
ठिपके असतात तिथवर पाणी येऊन जातं.
ठिपके संपले, की ते जातच नाही.
एवढं मला पुस्तकातून येत होतं.

कुंपणाशी तेऊनिस उभा, रबरी बुटांत, एकाहत्तर वर्षांचा.
"विचारायचंस की," तो म्हणाला,
"भोकं कशाला पाडतेस?
त्या कोपऱ्यात ट्रुस रुतली होती. दोर लावून काढली."
माझ्या नकाशात त्या कोपऱ्याचं नाव 'क्षेत्र तीन'.
ट्रुस म्हणजे गाय, हे मला कॉफीनंतर कळलं.

पंचवीस सेंटिमीटरला एक पुठ्ठा, या हिशोबानं
अख्खं हाखेनवार्ड चार पुठ्ठ्यांत आटोपलं.
पाचवा लागला फक्त त्याच्या घराखाली,
हातरुमालाएवढा :
कुणीतरी, कधीतरी, टोपल्यांनी माती वाहून
पुराच्या वर बसायला केलेला उंचवटा.
तो कापताना रात्री दोन वाजता
ब्लेड माझ्या अंगठ्यात गेलं.
मॉडेलवर डाग आहे. समीक्षकांना तो गंज वाटला.

चित्रात प्रमाणासाठी माणसं चिकटवायची असतात.
तयार मिळतात : फुगा धरलेली मुलगी,
सायकलवाला, पाठमोरं जोडपं.
जगातल्या प्रत्येक भविष्यात
हीच चार माणसं फिरायला आलेली असतात.
मी फुगा काढून टाकला
आणि तिथे तेऊनिसला उभं केलं, बुटांसकट,
साल दोन हजार पंचेचाळीस, पाणी घोट्यापर्यंत,
मागे लव्हाळे, आणि एक बगळा, जो मला फार छान जमला होता.

तो परीक्षेला येईल असं वाटलं नव्हतं.
आला. चर्चमध्ये जायचा कोट घालून.
अँटवर्पहून आलेले पाहुणे गाळाबद्दल बोलत होते,
त्यांचं संपेपर्यंत थांबला,
मग कागदाशी गेला, नाक टेकेल इतका जवळ.
"हा मी?"
"हो."
"म्हणजे हे स्वयंपाकघर." बोट सरकलं. "इथे फ्रीझर."
कुणी काही बोललं नाही. बगळाही नाही.

मग त्यानं पेन्सिल मागितली.
मला वाटलं घर काढणार. सगळ्यांनाच वाटलं.
तो खालच्या छेदाकडे वाकला
आणि माझ्या जाड काळ्या रेघेच्या किंचित खाली
एक बारीक, थरथरती रेघ ओढत गेला,
गोठ्यापासून फाटकापर्यंत.
"गोठा धुतला की पाणी इकडे यायचं.
तू उलटं काढलंयस."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"यातली जमीन कुठली?"
मी म्हटलं, बघून सांगते.

बुधवारी पुन्हा गेले, काठी आणि दुर्बीण घेऊन.
काठी त्यानं धरली. वाऱ्यात हलू दिली नाही.
गोठ्यापासून फाटकापर्यंत उतार
अकरा सेंटिमीटर.
माझ्या दोन पुठ्ठ्यांच्या मधे कुठेतरी.